सांगलीच्या गणपती पेठेतलं ब्रोकरचं ऑफिस, जिथे टिप मिळत नाही

दारावर पांढऱ्या पुठ्ठ्याची पाटी आहे. निळ्या मार्करने लिहिलंय, "इथे टिप मिळत नाही." टिप म्हणजे कुठला शेअर घ्यावा याचा इशारा. त्याखाली दुसरी ओळ, "रोख रक्कम घेत नाही. चेक आमच्या नावाने काढू नये." जून २०२३ मध्ये मी पहिल्यांदा तो जिना चढले, तेव्हा ही पाटी दोनदा वाचली होती. शेअरच्या दलालाकडे गेलं की काहीतरी गळ्यात मारणारच, असं मनात धरून मी गेले होते. आज दोन वर्षांच्या वर झाली, मी तिथली गिऱ्हाईक आहे, आणि अजून एकदाही कुणी मला "मॅडम, हा घेऊन ठेवा" म्हटलेलं नाही.

सांगली-मिरजेत आणि आसपासच्या गावांत ज्यांच्या माळ्यावर आईवडिलांच्या नावचे जुने शेअर पडून आहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे. ऑफिसच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "लिहा की, पण नाव घालू नका. हाय तेवढं काम पुरं होईना झालंय." म्हणून नाव देत नाही.

आधी माझे कागद सांगते. माझे वडील किर्लोस्करवाडीला कारखान्यात होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या राजाने दिलेल्या माळावर वसवलेलं ते गाव. तिथल्या कामगाराच्या घरात किर्लोस्करांचे चार शेअर असणं ही अभिमानाची गोष्ट होती. वडिलांनीही घेतले होते. पुढे नव्वदच्या दशकात पब्लिक इश्यूंची, म्हणजे कंपन्यांनी लोकांना शेअर विकायला काढण्याची, लाट आली. तेव्हा बँकेच्या काउंटरवर फॉर्मचे गठ्ठे असायचे. त्या लाटेत त्यांनी आणखी तीन कंपन्यांचे घेतले. २०१२ मध्ये ते गेले. आम्ही पेन्शन, बँक, घर एवढं बघितलं, शेअरची फाईल ट्रंकेत राहिली. गावभागातलं आमचं घर नदीच्या बाजूचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं आणि ट्रंक पाण्यात तरंगली. पूर ओसरल्यावर आईने ती सर्टिफिकेटं एकेक सुटी करून दोरीवर चिमटे लावून वाळवली. कागद जाड होता, छपाई टिकली. फोलिओ नंबर आणि शेअरचे नंबर वाचता येत होते, सह्यांची शाई मात्र पसरली होती. मग ती फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गेली आणि आणखी चार वर्षं तशीच राहिली.

त्या चार वर्षांत दोघांनी मला सल्ला दिला. एकाने सांगितलं, आता हे कागद रद्दी झाले, डीमॅटशिवाय, म्हणजे शेअर संगणकावर ठेवायच्या खात्याशिवाय, चालत नाही. दुसरा एजंट होता, त्याने निघेल त्या रकमेच्या पंचवीस टक्के मागितले. दोघांचंही अर्धवट होतं, हे अण्णांकडे गेल्यावर कळलं.

अण्णांनी पिशवी उघडली, चार कंपन्यांचे चार ढीग केले. एक ढीग उचलून बाजूला ठेवला. "ही कंपनी नाही राहिली. इश्यू आणला, पैसे गोळा केले, पुढं पत्ता नाही. अशा लई आल्या त्या वेळी. हे आठवण म्हणून ठेवा, यावर एक रुपया खर्च करू नका." संगणकावर कंपन्यांच्या नोंदीत तिचं नाव काढून मला दाखवलं, तिच्यापुढे 'नोंदणी रद्द' अशा अर्थाचा शब्द होता. या कामाचे त्यांनी काहीच घेतले नाहीत. मला तिथेच हा माणूस पटला. गिऱ्हाईक आशेने कागद घेऊन आलेलं असताना पहिल्या पाच मिनिटांत "याचं काही नाही" म्हणायला धीर लागतो.

उरलेल्या तीनपैकी दोन कंपन्यांचं काम सरळ होतं, तरी त्याला आठ महिने लागले. ते नीट सांगते, कारण हीच माहिती मला कुठे एका जागी मिळाली नव्हती. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकता किंवा देता येत नाहीत, हे खरं. पण मालक वारल्यावर वारसाच्या नावे करण्याला बंदी नाही. वडिलांचं नाव एकट्याचं, नॉमिनी नाही. एका कंपनीतल्या कागदी शेअरची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर कोर्टाच्या वारस दाखल्याची गरज पडत नाही. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र आणि हमीपत्र यांवर काम होतं. ही मर्यादा आधी दोन लाख होती, २०२२ मध्ये पाच केली. आम्ही भावंडं तिघं, आईच्या नावे करायचं ठरलं. केवायसीचा एक फॉर्म, बँकेकडून सही तपासून घ्यायचा दुसरा, वारसनोंदीचा तिसरा, नॉमिनीचा चौथा. हे सगळं कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे तिच्या शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, जातं. आमच्या वेळी तिथे पास झालं की नवीन सर्टिफिकेट येत नसे, एक पुष्टीपत्र येई, आणि ते १२० दिवसांच्या आत डीमॅटसाठी द्यावं लागे. मुदत चुकली की शेअर वेगळ्या खात्यात ठेवत आणि पुन्हा अर्ज करावा लागे.

तिसऱ्या कंपनीचे शेअर तिच्या रजिस्टरमध्ये वडिलांच्या नावे नव्हतेच. सलग सात वर्षं लाभांश कुणी उचलला नाही की शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात. मी घाबरले, म्हटलं गेले. अण्णा म्हणाले, "गेले न्हाईत, ठेवलेत. मालक येऊन मागंल तेव्हा द्यायचे म्हणून." त्याचा ऑनलाइन अर्ज असतो, त्याला सरकारी फी नाही, आणि त्याआधी कंपनीकडून तुमचा हक्क मान्य केल्याचं पत्र घ्यावं लागतं. तो अर्ज आम्ही भरलाय, काम सुरू आहे.

ऑफिसात एक ताई बसतात. हे सगळे फॉर्म त्यांच्या हातचे. त्यांची पद्धत मला फार आवडली. फॉर्म स्वतः भरून "इथं सही करा" म्हणत नाहीत. पेन्सिलीने बारीक खूण करतात आणि प्रत्येक रकाना कशासाठी आहे ते सांगतात, मग आपल्याला भरायला लावतात. मी शाळेत शिकवते. समजावून सांगताना समोरच्याला कमी न लेखणं किती अवघड असतं, हे मला माहीत आहे. माझी आई ऐंशीच्या पुढची, सातवी शिकलेली. तिला ताईंनी 'डीमॅट' समजावला तो असा: "आज्जी, पूर्वी पोस्टाचं पुस्तक असायचं ना तुमच्याकडं, पैसे पोस्टात आणि नोंद पुस्तकात. आता शेअरचं पण तसंच. शेअर तिकडं, नोंद इकडं, कागद भिजायचं भ्या नाही." आईला ते शेवटचं वाक्य लगेच पटलं.

आईचं खातं उघडतानाची आणखी एक गोष्ट. मी काही विचारलं नव्हतं, ताईंनीच सांगितलं की एकाच माणसाच्या नावे एकच डीमॅट असेल आणि त्यातली किंमत कमी असेल, तर मूलभूत सेवेचं खातं होतं. सप्टेंबर २०२४ पासून चार लाखांपर्यंत त्याला वार्षिक शुल्क शून्य आहे. आईचं खातं त्यांनी आपणहून त्यात बसवलं. स्वतःच्या ऑफिसला मिळणारे वर्षाचे तीनशे रुपये त्यांनी असे सोडले.

आता त्या जागेबद्दल. कागदांचं काम झाल्यावरही मी तिथे जात राहिले ते जागेमुळे. २०१९ पर्यंत ऑफिस तळमजल्यावर होतं, पुरात सगळं फर्निचर गेलं, तेव्हा पहिल्या मजल्यावर आले. लांबट खोली, दोन टेबलं, भिंतीवर टीव्ही. टीव्हीचा आवाज कायम बंद, खालची पट्टी तेवढी पळत असते. भिंतीला लागून लाकडी बाक आहे. त्यावर सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन माणसं बदलत राहतात. बाजार चालू असताना तिथे शेअरपेक्षा बाकीच्याच गप्पा जास्त. निवडणूक, पाऊस, उसाचा दर, कुठला सिनेमा लागलाय, कालच्या मॅचमध्ये कोण चुकलं. आणि या सगळ्याचा धागा फिरून कुठेतरी बाजाराला येऊन मिळतो. इतक्या वर्षांत पेपर वाचूनही बातमी आणि पैसा यांचा संबंध मला कळला नव्हता, तो त्या बाकावर कळायला लागला.

बाकावरचे दोघं मला विशेष वाटतात.

एक मिरजेहून येतात. तंबोरे बनवण्यात हयात गेली त्यांची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी ऑफिसात पेढे वाटले. त्यांच्याकडे सारेगामा कंपनीचे थोडे शेअर आहेत. पूर्वीची ग्रामोफोन कंपनी ती, दमदमच्या कारखान्यात तबकड्या निघायच्या. शेअर का घेतला विचारलं, तर त्यांनी मला जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं. "वाद्य एकदा विकलं की विकलं, परत पैसा मिळतो तो दुरुस्तीला आणलं तर. गाण्याचं तसं नाही. साठ वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेलं गाणं आज कुणी मोबाइलवर ऐकलं, सिनेमात वापरलं, तरी हक्क ज्याच्याकडं त्याला भाडं." २०१७ मध्ये त्याच कंपनीने जुनी गाणी भरलेला रेडिओसारखा डबा काढला, तो त्यांनी मुलीकडून मागवून घेतला. आधी वस्तू वापरली, मग शेअर घेतला. भाव वरखाली होतो तेव्हा ते विचलित होत नाहीत, कारण आपल्याकडे काय आहे हे त्यांना नेमकं माहीत आहे. मला त्यांच्याकडून हे शिकायला मिळालं, म्हणून त्यांना मी मानते.

सिनेमाचा विषय निघाला की बाकावर दोन तट पडतात. एखादा मराठी सिनेमा जोरात चालला की कुणीतरी विचारतंच, मग थिएटरवाल्याचा शेअर घ्यायचा का. पीव्हीआर आणि आयनॉक्स २०२३ मध्ये एक झाले तेव्हापासून तर हा प्रश्न दर मोठ्या सिनेमाला येतो. अण्णा त्यावर फार साधं बोलतात. तिकिटाच्या पैशात वितरकाचा वाटा असतो, खाण्यापिण्याचे पैसे मात्र थिएटरकडेच राहतात. भाडं, वीज, पगार हे सिनेमा पडला तरी द्यावेच लागतात. म्हणजे एका शुक्रवारची गर्दी बघून वर्षाचा हिशेब होत नाही. "रांग किती लागली बघू नका, रांग वर्षातनं किती आठवडे लागती ते बघा." ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं मराठी नाटक उभं केलं, तिथे तिकीटबारीचा हिशेब लोकांना परका नाही. बाकावर लगेच नाटकाच्या दौऱ्यांचे, रिकाम्या खुर्च्यांचे दाखले येतात आणि तासभर कसा जातो कळत नाही.

दुसरे म्हणजे हळदवाले काका. हळदीच्या व्यापारात तीन पिढ्या. सांगलीत हळदीचा वायदा पूर्वापार चालत आला, त्यामुळे 'फ्युचर' हा शब्द इथल्या जुन्या माणसाला नवा नाही. एकदा इंजिनिअरिंगचा एक मुलगा खातं उघडायला आला. त्याला निफ्टीचे आठवड्याचे ऑप्शन करायचे होते, म्हणजे बाजार चढेल की पडेल यावर आठवड्यापुरते सौदे. २०२० मध्ये हर्षद मेहतावरची वेब मालिका आली, तेव्हापासून अशी मुलं जिना चढतात असं ताई म्हणाल्या. अण्णांनी त्याला बसवून घेतलं. भिंतीवर सेबीच्या, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, अहवालाचा एक कागद चिकटवलेला आहे, तो वाचायला सांगितला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. मुलगा म्हणाला, मी त्या सात टक्क्यांत येईन. त्यावर काका बाकावरून बोलले. त्यांचं बोलणं जसंच्या तसं देते. त्यातलं पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीखालचा खड्डा.

"पोरा, वायदा वाईट नाही. आमच्या हरिपूरच्या पेवात शंभर पोती हळद हाय, आणि पुढच्या म्हयन्यात भाव पडंल असं भ्या वाटतंय. मग मी आजच पुढचा भाव धरून वायद्यात विकून ठेवतो. भाव पडला तर तिकडं मिळतं, चढला तर पेवातली हळद महाग विकती. मी निवांत झोपतो. वायदा झोप लागायसाठी काढलाय. आता सांग, तुझ्या पेवात काय हाय?"

मुलगा काही बोलला नाही. इतकं थोडक्यात आणि इतकं बरोबर मी कुठल्याही अर्थविषयक पुरवणीत वाचलेलं नाही. हरिपूरची ती पेवं २००५ च्या पुरात पाण्याखाली गेली. काकांच्या बोलण्यात मात्र ती अजून भरलेली आहेत. त्या मुलाने साधं खातं उघडलं, ऑप्शनची परवानगी मागितली नाही. पुढे त्याने दुसरीकडे जाऊन काय केलं ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी त्या खोलीत त्याला अडवणारी तीन माणसं होती आणि त्यातल्या एकाचं तर त्यात दलालीचं नुकसान होतं.

अण्णा स्वतः १९९२ च्या हर्षद मेहता घोटाळ्याचे साक्षीदार. तेव्हा ते बावीस वर्षांचे, एका सब-ब्रोकरकडे कारकून. एसटीडी बूथवरून पुण्या-मुंबईला ऑर्डर सांगायच्या आणि कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहाराची पावती, पोस्टाने येईपर्यंत वाट बघायची. एसीसी या सिमेंट कंपनीचा भाव नऊ हजारांच्या घरात गेला तेव्हा गावातल्या सोनारांनीसुद्धा दुकानात शेअरचा पेपर ठेवला होता, असं ते सांगतात. एप्रिलमध्ये सेन्सेक्स ४,४६७ ला पोचला, घोटाळ्याची बातमी फुटली आणि वर्षभरात तो निम्म्याच्या आसपास आला. अण्णांच्या मालकाने त्या वर्षी स्वतःचं घर विकून गिऱ्हाइकांची देणी भागवली. दारावरची पाटी कुठून आली हे मला ही गोष्ट ऐकल्यावर कळलं.

४ जून २०२४ चा दिवस मी त्या बाकावर काढला. शाळेला सुट्टी होती. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर गेला होता, सगळे खुशीत. निकालाच्या सकाळी पट्टी लाल झाली आणि होतच राहिली. खोलीत दोन निकाल एकाच वेळी चालू होते. निम्मे लोक टीव्हीकडे, निम्मे मोबाइलवर सांगलीच्या फेऱ्यांकडे. अपक्ष विशाल पाटील आघाडीवर होते, खालच्या रस्त्यावरून घोषणा ऐकू येत होत्या, आणि वर फोन एकसारखे वाजत होते. "विका" म्हणणाऱ्या प्रत्येकाला अण्णा एकच विचारत होते, "पैशाची गरज हाय का आत्ता?" ज्यांना होती त्यांचे लगेच विकले. ज्यांना नव्हती तरी विकाच म्हणाले, त्यांचेही विकले, वाद घातला नाही. पण तो प्रश्न ऐकून बऱ्याच जणांनी फोन ठेवून दिला. दिवसअखेर सेन्सेक्स ४,३८९ अंक खाली, ७२,०७९ वर. तीनच दिवसांनी, ७ जूनला, तो ७६,६९३ वर बंद झाला, तोवरचा उच्चांक. मी त्या दिवशी काही विकलं नाही, घेतलंही नाही. आईच्या खात्यातले वडिलांचे शेअरही खाली आले होते. घरी जाऊन तिला सांगितलं, तर म्हणाली, "पुरात तरले, आता काय होतंय."

या ऑफिसच्या उणिवाही लिहिते, त्या आहेतच.

दलाली जास्त आहे. डिलिव्हरीला, म्हणजे शेअर घेऊन खात्यात ठेवायच्या व्यवहाराला, शंभर रुपयांमागे तीस पैसे. पन्नास हजारांचे शेअर घेतले तर दीडशे रुपये, त्यावर जीएसटी. मोबाइल ॲपवर हेच काम वीस रुपयांत किंवा फुकटात होतं. ज्यांना स्वतः सगळं जमतं, त्यांनी इथे तेवढे पैसे भरायची गरज नाही. मी भरते, कारण वर्षातून चार-पाचच व्यवहार करते आणि फोन केला की माणूस बोलतो. सकाळी सव्वानऊ ते साडेनऊ मात्र फोन लागत नाही, लागला तर धरून ठेवावा लागतो.

एक चूक मला महागात पडली असती. दुसऱ्या कंपनीचं पुष्टीपत्र आलं तेव्हा आईचं नाव पॅनवर एक आणि पत्रावर दुसरं होतं, 'बाई' हा शब्द एकीकडे होता, एकीकडे नव्हता. फॉर्म पाठवतानाच ऑफिसात हे दिसायला हवं होतं. डीमॅटची विनंती परत आली, दुरुस्तीत महिना गेला, आणि १२० दिवसांतले तीन आठवडे उरले असताना काम झालं. मधले दोन आठवडे मला कुणी काही कळवलंही नव्हतं, मीच चौकशीला गेले तेव्हा समजलं. मी रागावले. ताईंनी चूक मान्य केली, दुसऱ्यांदा पाठवण्याचा कुरियरचा खर्च घेतला नाही, आणि तेव्हापासून प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर मुदतीची तारीख लाल पेनाने लिहितात. माझ्या मते त्यांनी कळवण्याची पद्धत अजून सुधारायला हवी.

जागा वयस्करांच्या सोयीची नाही. जिना अरुंद, एकोणीस पायऱ्या, कठडा एकाच बाजूला.

माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंचंही सांगते, कारण असं सध्या घरोघरी चाललंय. त्यांना मोबाइलवर एका ग्रुपमध्ये कुणीतरी घातलं. रोज टिप यायच्या, एक ॲप उतरवून घ्यायला सांगितलं, त्यात पंचवीस हजार भरले आणि महिन्यात ते दुप्पट झालेले दिसू लागले. काढायला गेल्या तर आधी कर भरा, मग पैसे सोडतो, असं उत्तर. त्या कर भरायला निघाल्या होत्या. मी त्यांना अण्णांकडे नेलं. अण्णांनी दोन गोष्टी विचारल्या: पैसे कुणाच्या खात्यात गेले, आणि ब्रोकरचा सेबीचा नोंदणी क्रमांक काय. खातं कुठल्याशा परगावच्या माणसाच्या नावचं होतं. नोंदणी क्रमांक नव्हताच. खऱ्या व्यवहारात पैसे तुमच्या बँकेतून नोंदणीकृत ब्रोकरच्या ग्राहकखात्यात जातात, मधल्या माणसाच्या खिशात कधीच नाही, म्हणूनच दारावर ती दुसरी ओळ आहे. त्यांनी तिथूनच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावून दिला. बाईंचे पुढचे पैसे वाचले. त्या ऑफिसच्या गिऱ्हाईकही नव्हत्या, तरी अण्णांनी त्यांच्यासाठी बाजार चालू असताना पाऊण तास दिला.

करांचंही एक. आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी थोडे शेअर विकायचे होते. वडिलांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी काय भावाने घेतले हे कुणाला माहीत? ताईंनी ३१ जानेवारी २०१८ चा भाव छापून दिला. जुन्या शेअरची खरेदी किंमत म्हणून बहुतेक वेळा तो भाव धरता येतो, आणि दीर्घ मुदतीच्या नफ्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर लागत नाही, त्याच्या वरच्या नफ्याला साडेबारा टक्के. हिशेब करून बघितला तर आईला काहीच भरावं लागलं नाही. किर्लोस्करांचे मात्र तिने विकू दिले नाहीत. दुसऱ्या कंपनीचे विकले.

त्या सहीच्या दिवशी आईला जिना चढवणं शक्य नव्हतं. मी खालून फोन केला. अण्णा स्वतः पॅड आणि पेन घेऊन खाली आले, रिक्षाच्या मागच्या सीटवर आईशेजारी बसले, कुठल्या कंपनीचे किती विकतोय ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मगच सही घेतली. पाठोपाठ ताई चहा घेऊन आल्या. रिक्षावाल्यालाही दिला.

जायचं असेल तर चारनंतर जा, बाजार बंद झालेला असतो आणि ताईंना वेळ असतो. पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि मृत्यूच्या दाखल्याच्या निदान चार प्रती सोबत ठेवा. सर्टिफिकेटं लॅमिनेट करू नका, घडीही घालू नका. सगळ्या कागदांवरचं नाव घरीच अक्षर न् अक्षर ताडून बघा. आणि सोबत म्हातारं माणूस असेल तर वर चढवू नका, खालून फोन करा.